चौदाच्या चौदा

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी भाऊजींची फाईल आली. छापखान्यात छपाईच्या प्लेटा चार वाजता यंत्रावर चढणार होत्या. मधल्या वेळात अठ्ठावीस पानं तपासून तळाशी सही करायची, एवढंच तिचं काम होतं, आणि ते ती सहा वर्षं करत होती.

ऑफिसात तिला गाळणी म्हणत. नाव मॅडमनी ठेवलं होतं. मॅडम म्हणजे त्या अनुवाद-कचेरीच्या मालकीणबाई. कौतुकही तक्रारीच्या सुरात करायच्या.

"गाळणी, चार म्हणजे चार हं," मॅडम दारातूनच म्हणाल्या. "छापखानेवाल्याने सकाळपासून डोकं खाल्लंय. यंत्रं तयार, खोकी तयार, फक्त आपलं पत्रक नाही."

"तीनला देते."

"तू तीन म्हणालीस की मला धडकी भरते. मागच्या वेळी तीनचे सहा झाले होते."

"मागच्या वेळी चुका होत्या."

"मग ह्या वेळी नसू देत बाई," असं म्हणून त्या गेल्या.

पत्रक एका छोट्या पंपाचं होतं. मुठीएवढं यंत्र, त्यात औषधाची कुपी, कुपीतून निघून कातडीखाली जाणारी बारीक नळी आणि नळीवर एक चिमटा. ज्यांच्या वेदना गोळ्यांना दाद देत नाहीत अशा रुग्णांना तो घरी दिला जाणार होता. नर्स आठवड्यातून एकदा येणार. बाकी दिवशी कुपी बदलायची ती घरातल्याच कोणीतरी: बायकोने, मुलाने, सुनेने. त्यांना इंग्रजी येत नसेल तर त्यांच्या हातात फक्त हे मराठी पत्रक असणार होतं.

म्हणूनच असल्या पत्रकांना दुहेरी कुलूप होतं. मूळ इंग्रजीचं मराठी एकाने करायचं. ते मराठी दुसऱ्याकडे जायचं. त्याने मूळ इंग्रजी अजिबात न पाहता मराठीवरून पुन्हा इंग्रजी करायचं. त्याला उलट अनुवाद म्हणत. मग तपासनिसाने दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवायचे. मधल्या मराठीत काही गळलं किंवा बिघडलं असेल, तर ते उलट अनुवादात उघडं पडतं. तपासनिसाने सही होईपर्यंत मराठी पाहायचं नाही. पाहिलं की माणूस समजून घेतो, मनातल्या मनात दुरुस्त करून वाचतो. त्यामुळे मराठी उघडलेल्या तपासनिसाची सही बाद धरली जाई, आणि का उघडलं हे लेखी द्यावं लागे.

ह्या पत्रकाचं मराठी लंबूने केलं होतं. तो पलीकडच्या टेबलावर, गुडघे टेबलाच्या कडेला टेकवून बसायचा. उलट अनुवाद भाऊजींचा होता.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आईवडील गेल्यावर ती चौदाव्या वर्षी ताईच्या घरी राहायला आली, ते नोकरी लागेपर्यंत. तिचं इंग्रजी सगळं भाऊजींचं. ह्या कचेरीत तिला आणलं तेही त्यांनीच. नातं मॅडमना ठाऊक होतं. "घरचे असा, पण कामाचं घरी बोलायचं नाही," एवढीच त्यांची अट होती. सहा वर्षांत ती कधी मोडली नव्हती. भाऊजी गेल्या हिवाळ्यापासून घरूनच काम करत. गुडघे दुखतात, जिने झेपत नाहीत, असं त्यांनी सांगितलं होतं.

साडेअकराला ती नवव्या पानावर होती आणि लाल खूण एकही नव्हती. ती पाणी प्यायली आणि चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानावर गेली.

फरक दिसला की शंका घ्यायची, हे नव्या तपासनिसाला पहिल्या आठवड्यात सांगतात. फरक दिसतच नसेल तर काय करायचं हे कोणी सांगत नाही. एका माणसाने लिहिलेलं वाक्य दुसऱ्या भाषेत जाऊन तिसऱ्या माणसाच्या हातून परत येतं, तेव्हा अर्थ तोच राहतो पण अंगावरचे कपडे बदललेले असतात. इथे कपडेही तेच होते. कुठे कुठे भाऊजींनी एखादा शब्द पुढेमागे केला होता, पण तो उगाच केल्यासारखा वाटत होता.

मग तिला चौथ्या पानावरचा फॉर्म दिसला.

रुग्णाच्या घरच्यांनी रोज एक तक्ता भरायचा होता. मूळ पत्रक दोघांनी मिळून लिहिलं असावं, कारण पहिल्या पानांवर फॉर्म 'फिल इन' करायला सांगितलं होतं आणि पुढच्या पानांवर 'फिल आउट'. इंग्रजीत दोन्हीचा अर्थ एकच. मराठीत दोन्हीकडे 'भरा' एवढंच येणार. आणि नुसत्या 'भरा'वरून मुळात आत होतं की बाहेर, हे जगातला कुठलाही अनुवादक ओळखू शकत नाही.

भाऊजींनी नऊच्या नऊ वेळा ओळखलं होतं.

ह्या जोड्या तिला पाठ होत्या. ताईच्या स्वयंपाकघरात जेवणानंतर हाच खेळ चालायचा. अर्थ एक पण शब्द उलटे अशी इंग्रजी जोडी जो आधी सांगेल त्याची त्या दिवशीची भांडी माफ. घर जळून 'अप' जातं आणि 'डाउन'ही जातं, शेवटी राख तीच. गाडी 'स्लो अप' होते, 'स्लो डाउन' होते. जाड संधी आणि बारीक संधी, फॅट चान्स आणि स्लिम चान्स, दोन्हींचा अर्थ नाव सोड. गाठ 'लूझन' केली काय आणि 'अनलूझन' केली काय, सुटतेच. ताई वैतागायची: "तुमच्या जोड्या जुळतात आणि भांडी माझ्या गळ्यात."

फिल आउट भाऊजींना मुळीच सोसायचं नाही. "कोणी फिल आउट म्हटलं की मला फॉर्म उपडा करून झटकल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे. "आपण आतच भरायचं."

तिने कचेरीच्या साठ्यातून भाऊजींची जुनी कामं काढली. सहा वर्षांत त्रेचाळीस. सगळ्यांत मिळून शोध लावला. फिल इन दोनशेच्या वर ठिकाणी होतं. फिल आउट शून्य.

ह्या पत्रकात चार वेळा होतं. मुळात जिथे जिथे होतं, नेमकं तिथेच.

मग तिने बाकीच्या जोड्या शोधल्या. पंपाचा वेग कमी होण्याबद्दल तीन वाक्यं होती; अप, डाउन, डाउन. भाऊजींकडेही अप, डाउन, डाउन. नळीचं झाकण सैल करण्याबद्दल दोन. एकात लूझन, एकात अनलूझन. तेही तसंच. नऊ, तीन आणि दोन मिळून चौदा. कोणी नाणं उडवून ठरवलं असतं तर चौदाच्या चौदा वेळा जुळायला सोळा हजारांहून जास्त वेळा बसावं लागलं असतं. आणि भाऊजी नाणं उडवणारे नव्हते, त्यांचा कौल कायमचा ठरलेला होता.

ती उठून लंबूच्या टेबलाशी गेली.

"पंपाची फाईल भाऊजींना कशी पाठवलीस?"

"कशी म्हणजे? मेलने. कबुतर नव्हतं मोकळं."

"डाव्या रकान्यात मूळ इंग्रजी असतं. तो काढलास की लपवलास?"

लंबूने मान खाजवली. "लपवला. दिसत नव्हता ना? एकच की ते."

"एक नाही. दोन रकान्यांच्या मधली रेघ ओढली की लपवलेला रकाना उघडतो."

"हो, पण कोण कशाला ओढेल?" एवढं बोलून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचे गुडघे टेबलाखालून बाहेर आले. "अरे देवा. आणि त्यांनी ओढली?"

"अजून माहीत नाही."

"मॅडम मला फाडून खातील."

"हळू बोल. तू मराठी करताना काही गाळलंस का?"

"मी? मुद्दाम कशाला गाळेन?"

"मुद्दाम विचारलंच नाही."

शेवटची बारा पानं लंबूने सोमवारी पहाटे उठून संपवली होती, हे सगळ्या कचेरीला त्याने स्वतःच फुशारकीने सांगितलं होतं.

बारा वाजून वीस मिनिटं. दोन इंग्रजी मजकूर जुळत होते. तिने सही केली असती तर तिला कोणी बोट लावू शकलं नसतं. नियमाप्रमाणे तिचं काम जुळवण्याचं होतं आणि जुळलं होतं. मराठी फाईल तिच्यासमोर बंद होती. ती उघडली की उघडल्याची वेळ नोंदली जाणार, आजची सही बाद होणार, आणि का उघडलं ह्या प्रश्नाचं उत्तर भाऊजींच्या नावाशिवाय देता येणार नव्हतं.

तिने फाईल उघडली.

एका बाजूला मूळ, एका बाजूला मराठी, वाक्याला वाक्य लावत ती निघाली. लंबूचं मराठी सोपं, स्वच्छ होतं. सोळा पानं ठीक गेली. सतराव्या पानावर कुपी बदलायची कृती होती. मूळ इंग्रजीत चार पायऱ्या: पंप थांबवा, नळीवरचा चिमटा बंद करा, रिकामी कुपी काढा, नवी बसवा. भाऊजींच्या इंग्रजीतही चार. मराठीत तीन. पंप थांबवा, रिकामी कुपी काढा, नवी बसवा.

चिमटा नव्हता.

चिमटा उघडा ठेवून नवी कुपी बसवली तर पंप बंद असूनही औषध आपल्या वजनाने नळीतून उतरत जातं. दिवसभराचा डोस काही मिनिटांत. हे मूळ पत्रकातच, तेविसाव्या पानावर, धोक्याच्या चौकटीत लिहिलं होतं. त्या औषधाचा दिवसभराचा डोस काही मिनिटांत गेला तर श्वास थांबतो, हेही तिथेच होतं.

लंबू तिच्या मागे येऊन उभा होता. त्याने वाचलं.

"मी आत्ता घालतो ती ओळ," तो पुटपुटला. "दोन मिनिटांत. तू सही कर. कोणाला कळणार?"

"तू जागेवर बस. ह्या फाईलला हात लावू नकोस."

"कुठे निघालीस?"

"जेवायला," ती म्हणाली आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

ताईचं घर कचेरीपासून चालत वीस मिनिटांवर होतं. ती पंधरात पोचली. मॅडमना आधी सांगायला हवं होतं, हे तिला प्रत्येक चौकात कळत होतं. चार वाजायला अजून तीन तास आहेत, असं ती प्रत्येक चौकात स्वतःला सांगत होती.

ताई घरी कपडे बेतायची आणि शिवायची. दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत दोन टाचण्या. त्या तशाच ठेवून ती म्हणाली, "आज बुधवारी? तू नोकरी सोडलीस की नोकरीने तुला?"

"भाऊजी आहेत?"

"आहेत म्हणजे, जातात कुठे ते हल्ली. हात धू, पान वाढते."

"जेवायला नाही आले, ताई."

ताईने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "तोंड का असं झालंय तुझं?"

ती आतल्या खोलीत गेली. भाऊजी खिडकीशी टेबलावर बसले होते. पांढरा सदरा, बाह्या नीट दुमडलेल्या, दाढी केलेली. घरी बसून काम करणारी माणसं अजागळ होतात अशी त्यांची तक्रार असायची, म्हणून ते रोज सकाळी ऑफिसला निघाल्यासारखे तयार होत.

"या मेव्हणीबाई," ते म्हणाले. "काम चालू असताना तपासनिसाने अनुवादकाचा उंबरा ओलांडू नये असा नियम आहे."

"तुम्ही फिल आउट कधीपासून लिहायला लागलात, भाऊजी?"

ते हसले. मग हसू तसंच राहिलं आणि त्याच्या मागचं सगळं निघून गेलं.

"कितीदा?"

"चारदा. जिथे मुळात आहे तिथेच. अप-डाउनही तसंच. चौदाच्या चौदा जागा."

"मला वाटलं तू अर्थ बघतेस."

"अर्थ जुळत होता. सगळंच जुळत होतं, तेच तर."

भाऊजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ताई दारात येऊन उभी राहिली होती.

"सोमवारी सहाव्या पानावर होतो," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, वर्गात शिकवल्यासारखा. "चिमट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. चिमटा! अर्धा तास बसलो. मग कोशात बघितला, लिहिला. चार ओळी पुढे गेलो तर पुन्हा गेला. मजकूर बारीक दिसतो म्हणून रकाना मोठा करायला गेलो, आणि शेजारी अख्खं इंग्रजी उघडलं. फाईल परत करायची असते, मला माहीत आहे. तुला तो नियम मीच शिकवलाय. म्हटलं, तीन ओळींपुरतं बघावं."

"आणि?"

"अठ्ठावीस पानं."

तिने लॅपटॉप उघडून सतरावं पान त्यांच्यापुढे धरलं. "हे लंबूचं मराठी. वाचा."

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून वाचलं. परत वर जाऊन वाचलं.

"इथे चिमटा नाही."

"नाही."

"मी लिहिलाय."

"तुम्ही लिहिलाय. म्हणून मराठीत तो गळलाय हे मला दिसलं नसतं."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टींटीं आवाज बराच वेळ येत राहिला. तो थांबल्यावर भाऊजी म्हणाले, "म्हणजे मराठी मी वाचलंच नाही. मला वाटत होतं दोन्ही वाचतोय."

"किती दिवस होतंय हे?"

उत्तर ताईने दिलं. "दिवाळं निघाल्यासारखं बोलू नका दोघं. हिवाळ्यापासून थोडं थोडं होतंय. नावं विसरतात. परवा दूधवाल्याला डॉक्टर म्हणाले. पुढच्या सोमवारी तपासणी आहे मेंदूच्या डॉक्टरकडे. तुला सांगणारच होते."

"गुडघे म्हणालात मला."

"गुडघेही दुखतात," भाऊजी म्हणाले. "ते खोटं नव्हतं."

ताई आत आली आणि बहिणीच्या दंडाला धरून हळू आवाजात बोलू लागली, जणू भाऊजी खोलीत नव्हतेच. "हे बघ. चूक सापडली ना? ओळ घाल आणि सही कर. ह्यापुढे मी ह्यांना काम घेऊच देत नाही, आजपासून बंद. पण असं नाव खराब व्हायला नको गं. तीस वर्षं केलंय त्यांनी. कोणाला मान वर करून दाखवायची सोय राहणार नाही. तुझंही शिक्षण ह्याच टेबलावर झालंय."

"मला माहीत आहे, ताई."

"माहीत आहे तर मग?"

"एक ओळ मला सापडली. मी घाईने चाळलंय, अर्ध्या तासात. बाकीची पानं कोणीच धड वाचलेली नाहीत. लंबूने लिहिली, ह्यांनी पाहिली नाहीत, मला पाहायची नव्हती. सही केली तर तिघांनी वाचलं असं होईल."

"तू वाच ना मग नीट. तीन तास आहेत."

"आज मी नीट वाचू शकेन असं वाटतं तुला?"

ताईने हात सोडला.

खरा प्रश्न ह्याच्या पुढचा होता आणि तो तिला चालत येतानाच सुचला होता. विचारायचं धैर्य आता गोळा होत होतं. "भाऊजी, हिवाळ्यापासून तुम्ही आणखी पाच पत्रकं केलीत. ती छापून गेली. घरोघरी आहेत."

"त्यांत डावा रकाना नव्हता," ते लगेच म्हणाले. "शपथेवर सांगतो. तेव्हा दुसरा अनुवादक होता, तो स्वच्छ फाईल द्यायचा."

"मग शब्द अडले तेव्हा काय केलंत?"

"अडले तर कोश." ते थांबले. "आणि कोशातही नाही सापडलं तर... काय असणार हे कळायचं. तीस वर्षं तेच लिहितोय. यंत्र पुसा, कोरड्या जागी ठेवा, मुलांपासून लांब ठेवा. हात आपोआप लिहितो."

"मराठीत नसेल तरी लिहितो?"

त्यांनी संगणकावर पाठवलेल्या कामांची यादी काढली. नाकात मारायचा फवारा. रक्तदाबाचं यंत्र. मुलांचं तापाचं औषध. ह्या तिन्हींची त्यांनी आपण होऊन माहिती दिली: कुठला शब्द अडला, कुठे दोन दिवस लागले. चौथं साखर मोजायचं यंत्र होतं आणि पाचवं डोळ्यांत घालायचे थेंब. त्या दोन्हींच्या नावांवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. थेंबांची फाईल उघडून त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं.

"चांगलं केलंय कोणीतरी," ते म्हणाले.

ताई हसणार होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती पलंगाच्या कडेवर बसली.

"तुम्ही केलंय, भाऊजी. तुमच्याच मेलवरून गेलंय. फेब्रुवारीत."

"असेल. हे साखरेचंही असेल. मला ही दोन्ही केल्याचं आठवत नाही."

एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. तिने फोन काढला. ताई उठली नाही, पण तिचा हात मोजपट्टीवर गेला आणि ती पट्टी बोटाला गुंडाळत राहिली.

"मॅडम, प्लेटा थांबवा."

"किती वाजेपर्यंत?"

"आज नाही चढायच्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "गाळणी, मला एकच सांग. चूक आहे की शंका आहे?"

"एक चूक सापडली. चिमटा बंद करायची पायरी मराठीत नाही. बाकीचं पत्रक कोणी तपासलेलंच नाही, कारण उलट अनुवाद मूळ बघून झालाय."

"तुला काय माहीत बघून झालाय?"

"मी त्यांच्यासमोर उभी आहे."

"मराठी उघडलंस तू?"

"हो."

"मग तुझी सही गेली."

"माहीत आहे."

"आणि पुढेही तुला त्यांचं काम देता येणार नाही. खरं तर द्यायलाच नको होतं, ती चूक माझ्या पदरात. छापखानेवाल्याला मी बघते. तू लेखी पाठव, आत्ताच्या आत्ता, म्हणजे मला कंपनीशी बोलता येईल. कारण स्पष्ट लिही." आणि फोन ठेवताठेवता, वेगळ्या आवाजात: "बरे आहेत का ते?"

"बसलेत," ती म्हणाली.

तिने टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवला आणि अहवाल लिहायला घेतला. पत्रकाचं नाव, तारीख, वेळ. सतराव्या पानावरची गळलेली पायरी. लपवून ठेवलेला रकाना; तिथे लंबूचं नाव आलं, ते तिने लिहिलं. मराठी फाईल उघडल्याची वेळ. तिथे तिचं स्वतःचं. मग शेवटची चौकट आली, कारणाची. तिने लिहिलं: 'उलट अनुवादक आजारी असल्यामुळे काम स्वतंत्रपणे होऊ शकलं नाही.'

भाऊजींनी खुर्ची ओढून घेतली आणि वाचलं.

"आजारी कोणी ठरवलं? तपासणी सोमवारी आहे."

"मग काय लिहू?"

"झालं ते लिही. 'उलट अनुवादकाने मूळ मजकूर पाहिला आणि त्यावरून काम केलं.'"

"अहो, ती सांभाळून घेतेय तुम्हाला," ताई म्हणाली. "घेऊ दे ना."

"कळतंय मला." ते ताईकडे वळले नाहीत, वळले असते तर कदाचित पुढचं बोलले नसते. "आजारी वाचलं की लोक हळहळतील आणि कागद बाजूला ठेवतील. पाहिलं असं वाचलं की विचारतील, ह्याआधी ह्या माणसाने काय काय केलं? मग ते पाच काढतील. काढायलाच हवेत. थेंब डोळ्यांत जातात गं."

तिने वाक्य पुसून त्यांनी सांगितलेलं घातलं. भाऊजींनी पुन्हा वाचलं.

"खाली आणखी एक ओळ. आधीच्या पाच पत्रकांपैकी दोन केल्याचं त्याला आठवत नाही."

"हे लिहायलाच हवं का?"

"तू तपासनीस आहेस की नाही?"

तिने ती ओळ लिहिली. नाकाचं पाणी मनगटाने पुसलं आणि दोन वाजून पाच मिनिटांनी अहवाल पाठवला. सात मिनिटांनी मॅडमचा निरोप आला. प्लेटा थांबल्या आहेत. पाचही पत्रकांचे छपाई क्रमांक ताबडतोब हवेत, दुकानांना कळवायचं आहे.

क्रमांक भाऊजींच्या यादीत प्रत्येक पत्रकासमोर होते, मोठे, प्रत्येकी बारा अंकी. भाऊजींनी पहिला वाचायला घेतला. सहाव्या अंकाशी ते अडखळले, मागे गेले. ताई उठली, त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"सावकाश," ती म्हणाली. "दोन दोन अंक वाचा. मी बघतेय."

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. दोन अंक झाले की ताई मान हलवायची, आणि मग गाळणी ते टाइप करायची.